बीच सॉकर वर्ल्डकप: समुद्र नसलेला बेलारूस फायनलला, मग आपण कुठे आहोत?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. फुटबॉलवर इथे धागे भरपूर आहेत पण सगळे प्रीमियर लीग आणि मेस्सी-रोनाल्डोचे, म्हणून हा वेगळा काढतोय. विषय बीच सॉकर, म्हणजे वाळूवरचा फुटबॉल, आणि त्याचा फिफाचा वर्ल्डकप. मे २०२५ मधे तो सेशेल्सला झाला, माहे बेटावर व्हिक्टोरिया शहरात, आफ्रिका खंडात पहिल्यांदाच. १६ देश, आणि फायनल ब्राझील विरुद्ध बेलारूस. ब्राझील ४-३ ने जिंकलं.

ब्राझील जिंकलं यात नवल काही नाही, फिफाच्या हिशोबाने हा त्यांचा सातवा कप. त्याच्या आधी १९९५ ते २००४ दरवर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप व्हायची त्यातल्या दहापैकी नऊ त्यांच्याच, फक्त २००१ ला पोर्तुगालने नेली. मला धागा काढायला लावलं ते बेलारूसने. जरा नकाशा उघडून बघा, पोलंड, लिथुआनिया, लाटविया, रशिया, युक्रेन, सगळीकडून जमीन. समुद्र नावाला नाही, हिवाळ्यात बर्फ. आणि हे लोक वाळूवर अनवाणी खेळून वर्ल्डकपच्या फायनलला जातात आणि ब्राझीलसमोर एका गोलने हरतात.

आणि हे एकटेच नाहीत हो. २००९ ला दुबईत फायनलला ब्राझीलसमोर कोण होतं, तर स्वित्झर्लंड! १०-५ हरले, पण त्यांच्या डेयान स्टँकोविचने त्या स्पर्धेत १६ गोल मारले. (इंटर मिलानवाला सर्बियाचा स्टँकोविच वेगळा, नाव सेम आहे.) २०१९ चा वर्ल्डकप पॅराग्वेने भरवला, त्यांनाही समुद्र नाही, लुके गावात वाळू टाकून स्टेडियम केलं.

आता आपल्याकडे या. भारताचा किनारा आपण शाळेत साडेसात हजार किलोमीटर शिकलो, नव्या मोजणीत तो अकरा हजारावर गेलाय. आणि बीच सॉकरच्या वर्ल्डकपला भारत आजवर एकदाही पोचलेला नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: या खेळाला समुद्र लागत नाही, बारा महिने वापरता येईल अशी वाळू लागते, आणि ती आपल्या नवी मुंबई-ठाण्यात कुठेतरी टाकता येते. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या अंडर १७ वर्ल्डकपच्या मॅचेस झाल्या, २०२२ ला महिलांच्या आशियाई कपच्या मॅचेस आणि मुलींच्या अंडर १७ वर्ल्डकपची फायनल झाली, खारघरला सिडकोने फुटबॉलचं सेंटर उभं केलं. म्हणजे इच्छा असली की होतं. मग एक वाळूचं कोर्ट का नको?

कोणी हा खेळ बघता का, कोणी खेळलंय का, मनापासून लिहा.

मासुंदा

धागा चांगला आहे पण मला पटायला वेळ लागेल. ठाण्यात साध्या फुटबॉलला ग्राउंड मिळत नाही. आमची पोरं टर्फवर तासाचे पैसे भरून खेळतात, सहा वाजता सुरू आणि सातला पुढची बॅच गेटवर उभी. मोकळी मैदानं लग्नाच्या मांडवांना नाहीतर प्रदर्शनांना दिलेली असतात. अशात वाळूचं कोर्ट मागायचं म्हणजे आधी जेवण नाही आणि श्रीखंड मागतोय. आणि दुसरं, हा खेळ मला जरा पर्यटनाचा वाटतो, ऊन, म्युझिक, नाच. इंटरनॅशनल म्हणावा इतका सिरीयस आहे का?

नेरुळ_वीस

वाचतोय. मी हायलाईट्स बघितल्यात यूट्यूबवर, प्रत्येक मॅचमधे चारदोन तरी बायसिकल किक (हवेत उलटं होऊन मारलेल्या) असतात, खरंच असं का होतं? स्टाईल मारतात का?

रेफ्री_काका

मासुंदा, सिरीयस आहे का हे विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो. शाळा-कॉलेजच्या फुटबॉलला बरीच वर्षं शिट्टी वाजवली आहे आणि बीच सॉकरचे नियम हौसेने अभ्यासलेत.

एका बाजूला पाच जण, गोलकीपर धरून. बारा-बारा मिनिटांचे तीन डाव, आणि गोल झाला, फाऊल झाला की घड्याळ थांबतं, त्यामुळे वेळकाढूपणा चालत नाही. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर. वाळूवर दोन मिनिटं जीव तोडून पळून बघा म्हणजे कळेल हे का ठेवलंय ते. मैदान ३५ ते ३७ मीटर लांब, २६ ते २८ मीटर रुंद. गोल साडेपाच मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच. पायात बूट नाही. घोट्याला पट्टी बांधू शकता, चष्मा घालू शकता. बाहेरची रेघ चुन्याची नाही, निळ्या रंगाच्या पट्ट्या वाळूत अँकरने ठोकतात. मधली रेघ आखतच नाहीत, बाहेर दोन बाजूंना लाल झेंडे असतात त्यावरून समजायचं. पेनल्टी एरियाला पिवळे झेंडे.

सगळ्यात मोठा फरक फ्री किकचा. भिंत उभी करायची नाही! समोरच्यांच्या हाफमधे फाऊल मिळाला तर बॉल आणि गोल यांच्यामधे गोलकीपर सोडून कोणीही नाही. म्हणजे प्रत्येक फाऊल जवळजवळ पेनल्टीच. मारणारा आधी गुडघ्यावर बसतो, दोन्ही तळहातांनी वाळू गोळा करून छोटा उंचवटा करतो, वर बॉल ठेवतो, एकदा दाबून बघतो, मग मागे जातो. ती दहा सेकंदं गोलकीपरची काय अवस्था होत असेल बघा. त्यामुळे बचाव करणाऱ्याला हातपाय आवरून खेळावं लागतं, राकटपणा केला की गोल खाल्लाच.

बरोबरी झाली तर तीन मिनिटांचा जादा वेळ, तरी बरोबरी तर पेनल्टी. ड्रॉ नाहीच. आणि पॉईंट कसे, तर नॉर्मल वेळेत जिंकलात तर ३, जादा वेळेत २, पेनल्टीवर १. हे मला फार आवडतं, जिंकण्याचीही प्रत ठरवलेली आहे. लाल कार्ड मिळालं तर तो खेळाडू गेला, पण दोन मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा आणता येतो. वाळूवर दोन रेफ्री, बाहेर तिसरा, शिवाय टाईमकीपर. पर्यटनाच्या खेळाला एवढं करत नाहीत रे.

नेरुळ_वीस, बायसिकल किक स्टाईल नाही, गरज आहे. वाळू खड्ड्याखड्ड्यांची, बॉल सरळ घरंगळत नाही, जमिनीवरून पास दिला की कुठे उडेल सांगता येत नाही. म्हणून बॉल हवेत ठेवायचा. पायाच्या बोटांवर उचलून, मांडीवर, छातीवर, डोक्यावर, आणि गोलकडे पाठ असताना बॉल छातीवर आला तर वळायला वेळ कुठाय, तिथल्या तिथे उलटी किक. खाली वाळू असल्यामुळे पाठीवर पडायची भीती नाही. टर्फवर हेच करायला गेलात तर कंबर धराल.

नेरुळ_वीस

काका मस्त. भिंत नाही हे माहीतच नव्हतं. आता परत बघतो.

उरणकर

काका बोल्ले ते बोटांवर उचलायचं, ते आमच्या उरणच्या पोरांना कोणी शिकवलेलं नाय. पिरवाडीला ओहोटी लागली का संध्याकाळी रेतीवर उतरतात, चपला दोन-दोन ठेवून गोल करतात. पाण्याजवळची ओली रेती घट्ट असते तिथं बॉल पळतो, लहान पोरं तिथं खेळतात. मोठी पोरं मुद्दाम वर सुक्या रेतीत खेळतात. तिथं बॉलच्या खाली अंगठा खुपसायचा, रेतीसकट उचलायचा, बॉल गुडघ्याएवढा वर आला का दुसऱ्या पायानं पुढे. रेती समोरच्याच्या डोळ्यात जाते त्यावरून भांडणं पण जाम होतात.

पण एक सांगतो, समुद्रावर कोर्ट हे वाटतं तेवढं सोपं नाय. पुनवेला-अवसेला उधाणाचं पाणी वरपर्यंत येतं, तुमची आखलेली रेघ गेली. सकाळी येऊन बघावं तर रेतीचा उतार बदललेला, मधेच शिंपल्या, काचा, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे. अनवाणी पायाला काच लागली तर दोन महिने पोरगा घरी, आणि घरात तोच कमावता असला तर काय करायचं. पावसाळ्यात तर विषयच नाय. म्हणून खाडीकाठच्या दादाचं पटलं, खेळ रेतीचा हाय, समुद्राचा नाय. समुद्रावर पोरं तयार होतील पण कोच, लाईट, मॅच यासाठी आत गावात धड एक जागा पायजे.

बेलापूरची_लेक

उरणकर दादा काचेचं अगदी खरं आहे.

मी वेगळा मुद्दा मांडते. मुलींचं काय? डी. वाय. पाटीलला झालेला २०२२ चा आशियाई कप मी टीव्हीवर बघितलाय, भारत-इराण ०-० झाली ती मॅच, आणि मग टीममधे कोविड निघाला आणि आपल्याला स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं, तेव्हा मी रडले होते. तेव्हापासून आमच्या भागात मुली फुटबॉल खेळायला लागल्या हे मी डोळ्यांनी बघते. पण टर्फवर संध्याकाळचे स्लॉट सगळे मुलांच्या ग्रुपनी आधीच धरलेले, मुलींना दुपारी तीनचं ऊन.

बीच सॉकरमधे फिफाचा महिलांचा वर्ल्डकप अजून नाही. पण २०१९ ला दोहाला पहिल्या वर्ल्ड बीच गेम्स झाल्या त्यात महिलांचं बीच सॉकर होतं आणि स्पेनच्या मुलींनी गोल्ड नेलं. म्हणजे हा खेळ मुलींसाठी आत्ता उभा राहतोय. जुन्या फुटबॉलमधे बाकीचे देश पन्नास वर्षं पुढे आहेत, इथे तेवढं अंतर पडलेलं नाही. आपण पहिल्या दिवसापासून कोर्टाचा अर्धा वेळ मुलींना ठेवला तर दहा वर्षांनी भारताची बीच टीम नवी मुंबईच्या मुलींनी भरलेली असेल. हे मी मनापासून लिहितेय.

खाडीकाठचा

लेक, हा मुद्दा पहिल्याच पोस्टमधे यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. अर्धा वेळ मुलींना, मान्य.

आता मासुंदाचं "आधी जेवण मग श्रीखंड". भाऊ, मी ताहितीचं उदाहरण देतो. पॅसिफिकमधलं बेट, सगळा फ्रेंच पॉलिनेशिया धरला तरी लोकवस्ती तीन लाखाच्या आत. आपल्या ऐरोली-घणसोली-कोपरखैरणेत त्याहून जास्त माणसं राहतात. २०१३ च्या जूनमधे त्यांची नेहमीची फुटबॉल टीम कॉन्फेडरेशन्स कपला गेली, माराकानावर स्पेनने त्यांना १०-० ने हरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमधे बीच सॉकरचा वर्ल्डकप त्यांच्याच घरी, पापीतेला झाला, आणि त्यात हेच ताहिती चौथं आलं! मग २०१५ ला पोर्तुगालमधे एस्पिन्योला थेट फायनल, पोर्तुगालकडून ५-३ हार. २०१७ ला बहामाजमधे परत फायनल, ब्राझीलने ६-० धुतलं ते सोडा. लागोपाठ दोन वर्ल्डकपच्या फायनलला तीन लाखाच्या आतला देश. मोठ्या फुटबॉलमधे ते शंभर वर्षांत तिथे पोचले नसते. म्हणून हे श्रीखंड नाही, छोट्या गावाला जगाच्या टेबलावर बसायची खुर्ची आहे.

आणि उरणकर, हे खास तुझ्यासाठी. एल साल्वाडोर. २०११ ला इटलीत राव्हेनाला वर्ल्डकप झाला, त्यात एल साल्वाडोरने यजमान इटलीलाच बाहेर काढलं आणि सेमीफायनलला गेले, शेवटी चौथे आले. त्या टीमचे मुख्य खेळाडू मच्छीमार होते. ला पिराया नावाच्या छोट्या बेटावरचे. फ्रँक वेलास्केझ, अगुस्तिन रुईझ, ही मंडळी होडीवर जाळी ओढून आलेली. ज्या पायांनी होडी वाळूवर ढकलली त्याच पायांनी गोल मारले. त्यांच्याबद्दल वाचल्यापासून मला दिवाळ्याच्या, करंज्याच्या, मोऱ्याच्या कोळीवाड्यांतल्या पोरांशिवाय दुसरं काही दिसत नाही. त्या पोरांच्या पोटऱ्या बघा, बॅलन्स बघा, हलत्या होडीत उभं राहून जाळं टाकणाऱ्याला वाळूत तोल सांभाळायला काय शिकवणार?

पण एल साल्वाडोरला तिथेच थांबून चाललं नसतं. बेटावरून पोरं उचलून त्यांना टीममधे घेऊन मॅचेस खेळवणारं कोणीतरी होतं. आपल्याकडे ते कोणीतरी नाहीये, बाकी सगळं आहे.

सुरई

खूप छान धागा. मी केरळमधे नोकरीला होते काही वर्षं, तिथे वाळूवरचा फुटबॉल संध्याकाळी पाचनंतर जिथे बघाल तिथे. २०२३ च्या गोव्यातल्या नॅशनल गेम्समधे बीच फुटबॉल होतं, केरळने गोव्याला हरवून गोल्ड घेतलं. त्याच वर्षी सुरतला डुमसच्या किनाऱ्यावर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती पण केरळनेच जिंकली.

रेफ्री_काका

सुरई ताई, त्या सुरतच्या स्पर्धेतली खरी बातमी वेगळीच आहे. फायनलला केरळसमोर होतं पंजाब! १३-४ हरले, पण फायनलला आले. पंजाबला कुठला समुद्र? मग महाराष्ट्राने काय करायचं याचं उत्तर बेलारूसपर्यंत जाऊन शोधायला नको, घरातच आहे.

आणि भारताबद्दल थोडं. मार्च २०२५ मधे थायलंडला पट्टायात एशियन कप झाला, त्यात भारताची टीम २००७ नंतर पहिल्यांदा खेळली. आपल्या गटात थायलंड, कुवेत, लेबनॉन. तिथून वर्ल्डकपला गेले इराण, ओमान आणि जपान. इराण तर २०२४ च्या दुबईतल्या वर्ल्डकपला तिसरं होतं. ओमान बघा, आपल्या समोरच्या अरबी समुद्रापलीकडचा देश, लोकसंख्या मुंबईच्या निम्मी पण नाही. जपान २०२१ ला फायनल खेळलं, त्यांचा ओझू मोरेइरा मूळचा ब्राझीलचा, जपानमधे येऊन स्थायिक झाला आणि २०१९ च्या वर्ल्डकपमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे आशियातली पातळी फार वर आहे, पट्टायाला जाऊन लगेच जिंकू असं कोणी समजू नये. मधे अठरा वर्षं गेली ती कशी भरून निघणार? वर्षातून एकदा कॅम्प लावून हा खेळ येत नाही, पायाला वाळूची सवय लागायलाच काही महिने जातात, पोटऱ्या भरून येतात, घोटा वेगळ्या पद्धतीने धरायला शिकावं लागतं.

पण एक चांगलं चाललंय, मे २०२५ मधे दीवला घोघला बीचवर खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या त्यातही बीच सॉकर होतं. सुरुवात आहे.

मासुंदा

काका, खाडीकाठचा, ताहितीचं वाचून थोडा गप्प झालो. पंजाबचं तर माहीतच नव्हतं. पण मला आता प्रॅक्टिकल सांगा, वाळू किती लागते आणि आणायची कुठून? रेतीचे भाव माहीत आहेत ना? आणि पावसात ते तळं होणार नाही का?

ब्रासभर_रेती

मासुंदाने माझ्या धंद्याचा प्रश्न विचारला म्हणून खास लॉगिन केलं. मी सिव्हिलची कामं घेतो, घोडबंदर पट्ट्यात.

हिशोब करू. पीच ३६ बाय २६ मीटर धरा, भोवती दोन-दोन मीटर मोकळी जागा, म्हणजे ४० बाय ३०, बाराशे चौरस मीटर. इंटरनॅशनलला वाळूची खोली निदान ४० सेंटीमीटर लागते. गुणा, ४८० घनमीटर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर, तर साधारण १७० ब्रास. सहा ब्रासचा डंपर धरलात तर अठ्ठावीस-एकोणतीस फेऱ्या. एका मध्यम बिल्डिंगच्या कामाला याहून जास्त रेती पडते, त्यामुळे अशक्य वगैरे काही नाही.

पण कुठलीही रेती चालत नाही हे नीट ऐका. आजकाल कामावर येते ती बहुतेक क्रश सँड, दगड फोडून केलेली. तिचा दाणा टोकदार असतो, पायाचं साल काढेल, आणि दाबली की घट्ट बसते, बॉलखाली अंगठा जाणारच नाही. आपल्याला गोल दाण्याची, बारीक, धुतलेली, चाळलेली पाहिजे. मातीचा अंश राहिला तर पाणी पडल्यावर चिखल आणि वाळल्यावर धूळ. दोन वेळा चाळून घ्यायची, खडा आणि शिंपला एकही नको. समुद्रकिनाऱ्यावरून उचलायचा विचार कोणी करू नका, सीआरझेडमधे म्हणजे किनाऱ्याच्या संरक्षित पट्ट्यात रेती उपसा बंद आहे आणि असायलाच पाहिजे. नदीची कायदेशीर परवान्याची घ्यायची, पावती ठेवायची.

पावसाचं उत्तर खाली दडलेलं असतं. आधी अर्धा मीटरच्या वर खोदाई, तळाला उतार, त्यात भोकांचे पाईप, वर खडीचा थर, त्यावर जिओटेक्स्टाईलचं कापड म्हणजे रेती खडीत उतरत नाही, मग रेती. पाणी खालून निघून जातं. पाईपचं तोंड पावसाळी गटारात नीट सोडलं तर आपल्याकडच्या जुलैमधेसुद्धा पाऊस थांबल्यावर तासाभरात खेळता येईल. उलट ओल्या रेतीत खेळणं सोपं. खरी अडचण एप्रिल-मेची, रेती तापून पाय भाजतात, त्यासाठी खेळाआधी पाणी मारायला नळ आणि पाईप पाहिजे. आणि रात्री कुत्री-मांजरी येतात म्हणून जाळी आणि वर ताडपत्री, हे विसरलात तर महिन्यात पोरांच्या आया कोर्ट बंद पाडतील, आणि बरोबरच करतील.

बेलापूरची_लेक

ताडपत्रीचा मुद्दा फक्त काम केलेला माणूसच लिहू शकतो. धन्यवाद दादा.

चेंजिंग रूम आणि पाय धुवायचे नळ आडोशाला, हे पण प्लॅनमधेच टाका, नंतर करू म्हटलं की कधीच होत नाही.

नेरुळ_वीस

जागा कुठे पण? खाडीकाठी वाशीच्या सागर विहारला किंवा नेरुळच्या ज्वेल पार्कला चालेल का?

खाडीकाठचा

नको, खाडीच्या कडेला अजिबात नको. आपल्याकडे खाडीला वाळू नाहीच, चिखल आणि कांदळवन आहे, आणि ते आहे म्हणून फ्लेमिंगो आहेत, मासे आहेत, आपण पुरापासून वाचतोय. एका कोर्टासाठी एक झाड जरी गेलं तरी मी स्वतः विरोधात उभा राहीन. नोडमधे आतल्या बाजूला खेळासाठी राखीव प्लॉट आहेत, बरेचसे नुसते गवत वाढून पडलेत. महापालिकेच्या शाळांच्या मैदानाचा एक कोपरा चालेल. ४० बाय ३० म्हणजे टर्फपेक्षा फार मोठं नाही. आणि त्या वाळूवर बीच व्हॉलीबॉल होईल, बीच कबड्डी होईल, लहान पोरं नुसती लोळली तरी चालेल.

मला खरं सांगू काय सलतं? सेशेल्स. यजमान म्हणून पहिल्यांदा वर्ल्डकप खेळले, गटात बेलारूस, जपान आणि ग्वाटेमाला, तिन्ही मॅचेस हरले. पण लाखभर लोकवस्तीच्या देशाने अख्खं स्टेडियम उभं केलं आणि स्वतःची टीम जगासमोर उतरवली. हरले तरी त्यांच्या पोरांनी बघितलं की वर्ल्डकप म्हणजे काय असतो. आमच्या पोरांना पण हरायला तरी मिळू दे ना. पंधरा-वीस गोल खाऊ देत पहिल्या वर्षी. २००६ च्या वर्ल्डकपमधे पोर्तुगालच्या माजेरने एकट्याने २१ गोल मारले होते, म्हणजे कोणीतरी ते खाल्लेही असतील ना! ते देश आज घरी बसलेत का? नाही.

मासुंदा

हे शेवटचं लागलं मनाला.

ठीक आहे, मी आत आहे. ठाण्यात आमच्या ग्रुपमधे अंडर १६ ची पोरं आहेत, त्यातली सात-आठ जण तरी येतील. पण कोर्ट व्हायला वर्ष जाईल, दोन जातील, अर्ज-विनंत्या, टेंडर, सगळं आलं. तोपर्यंत काय, नुसतं लिहीत बसायचं का?

रेफ्री_काका

तोपर्यंत उरण आहे की. नेरुळ-उरण लोकल २०२४ च्या जानेवारीपासून सुरू झाली, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरुळ, तिथून उरण. स्टेशनवरून पिरवाडीला रिक्षा. मी शिट्टी घेऊन येतो, नियमाप्रमाणे बारा-बाराचे तीन डाव, घड्याळ थांबवून. पहिल्यापासून नियमाने खेळवायचं, भिंत नाही म्हणजे नाही. झेंडे मी शिवून घेतो, लाल आणि पिवळे.

बेलापूरची_लेक

मुलींची एक टीम माझ्याकडून. आमची मॅच आधी लावा, नाहीतर मुलांची लांबते आणि आमचा अंधार होतो.

रेफ्री_काका

तुमचीच आधी. शब्द दिला.

ब्रासभर_रेती

गोलपोस्टसाठी पीव्हीसी पाईप माझ्याकडे पडलेत, साडेपाच बाय २.२ च्या मापाने कापून आणतो. पायाला रेतीची पिशवी बांधली की पडणार नाहीत. जाळी मात्र कोणीतरी बघा.

उरणकर

जाळी कोळ्याच्या गावात येऊन विकत घेणार का? जुनी जाळी हाय माझ्याकडं, मी बांधून ठेवतो.

आता दिवसाचं बोला. येता रविवार नको, अवस हाय, उधाण असतं, दुपारी पाणी पार वर बसतं आणि सुकी रेती मिळायची नाय. त्याच्या पुढच्या रविवारी भांग म्हणजे छोटी भरती लागलेली असते, आठम-नवमीच्या आसपास, पाणी जास्त चढत नाय, वरची रेती सुकी राहते. सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत पोरांना खराटे देऊन पट्टा साफ करून घेतो, काच-शिंपली एक ठेवणार नाय. पाण्याचे कॅन आणा जास्तीचे, आणि ठाण्याच्या पोरांना सांगा बूट घरी ठेवा.